आधी घरच्यांना बसव!

मराठी माणसाने घरच्या माणसाला विमानात बसवायचा पहिला प्रयत्न केला तो देहूला, आणि तो फसला. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आलं तेव्हा ते आवलीला म्हणाले, चल. आवली निघाली नाही. लेकरं कुणाच्या गळ्यात घालू, गोठ्यातल्या म्हशीचं कोण बघणार, असं तिनं विचारलं म्हणे. कीर्तनकार हा प्रसंग रंगवतात आणि मांडव हसतो. मी लहानपणापासून आवलीच्या पक्षातला. विमान आलं, नवरा बोलावतोय, पण परत कधी आणून सोडणार हे कुणीच सांगत नाही. अशा वाहनात शहाण्या बाईने बसू नये.

दुसरा मान तळपद्यांचा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवलं अशी कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. पुराव्याचं विचाराल तर त्या काळचा भरवशाचा कागद काही हाती लागत नाही. पण कथा खरी धरली तरी माझ्या विषयाला तिचा उपयोग नाही, कारण त्या विमानात म्हणे माणूसच नव्हता. नातेवाइकांचा प्रश्नच मिटला.

मी इतिहासाचा मास्तर. उभा जन्म अहमदपुरात सनावळ्या घोकून घेण्यात गेला. पहिलं विमान कुणी उडवलं, समुद्र कुणी ओलांडला, हे सगळं पुस्तकात आहे. पण ज्याच्या हाताला अजून शाईचा वास येतोय अशा नव्या वैमानिकाच्या शेजारी घरातलं पहिलं माणूस कोण बसलं, यावर एक धडा नाही. खरी छाती त्याची! वैमानिकाला निदान आपल्याला काय येतं हे ठाऊक असतं. शेजारी बसणाऱ्याला तो वैमानिक दहावीत गणितात कसाबसा सुटला होता हे ठाऊक असतं.

या विषयाकडे मी वळलो तो पुतण्यामुळे. धाकट्या भावाचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करतो. हे पोरगं सुट्टीच्या दिवशी विमान शिकत होतं आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. एक दिवस फोन आला, "काका, खाजगी वैमानिकाचं लायसन मिळालं." मला आधी वाटलं, ड्रायव्हिंगचं. खुलासा झाल्यावर मी विचारलं, "किती शिकलास?" म्हणाला, "चाळीस तासांच्या वर." आता, चाळीस तासांत आमच्या शाळेत शिवाजी महाराज आग्र्याहून सुटत नाहीत. पण कायदाच तसा आहे. वय सतरा पूर्ण, दहावी पास, डॉक्टरचा दाखला, लेखी परीक्षा आणि निदान चाळीस तास उड्डाण. मग सरकार परवाना देतं. या परवान्यावर माणसं बसवता येतात. अट एकच, त्यांच्याकडून भाडं घ्यायचं नाही.

ही अट घरात कळली आणि आमचे नातेवाईक एकदम वाढले.

पोरगं सुट्टीला आलं तेव्हा ओसरीवर बैठक बसली. आत्याबाई म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी, भाऊ, वहिनी, आणि भिंतीला टेकून बसलेली आमची माय. पुतण्याने समजावून सांगितलं. विमान सेस्ना १७२. जगात सगळ्यांत जास्त बनलेलं विमान, चाळीस हजारांच्या वर. १९५६ साली बाजारात आलं. मी लगेच म्हणालो, "त्याच साली आपला तालुका बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादेत गेला." माझ्या या माहितीवर कुणी काही बोललं नाही. विमानाला खुर्च्या चार. पण टाकी काठोकाठ भरली तर दोन-अडीच क्विंटलच्या वर माणसं घेता येत नाहीत. म्हणजे पायलट धरून तीन भरल्या अंगाची. चौथी खुर्ची असते ती मोह पाडायला.

"प्रत्येकाचं वजन सांगा," तो म्हणाला.

पन्नास वर्षांत आमच्या घरात वाटण्या झाल्या, लग्नं मोडता मोडता राहिली, पण असा सन्नाटा पडला नव्हता. आत्याबाईंनी छप्पन्न किलो सांगितलं. दाजींना ठसका लागला. शेवटी पोरगं सगळ्यांना मोंढ्यात घेऊन गेलं आणि आमच्या ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर, सोयाबीनच्या कट्ट्यांच्या रांगेत, अख्खं खानदान तोललं गेलं. आत्याबाई एकोणऐंशी भरल्या. त्या म्हणाल्या, "लुगड्याचा अन् पाटल्यांचा कडता काढा." हमालाने प्रामाणिकपणे एक किलो काढला. मी अठ्ठ्याऐंशी. माय एक्केचाळीस.

मग मुहूर्त. वहिनींनी पंचांग बघून अकरा चाळीस काढला. पोरगं म्हणालं, सकाळी सातलाच. ऊन चढलं की जमीन तापते, हवेचे लोट वर येतात आणि लहान विमान बैलगाडीसारखं हेंदकाळतं. शिवाय तापलेली हवा पातळ होते. पंखाला धरायला आणि इंजिनाला ओढायला ती कमी पडते. त्याने हिशेबच मांडला. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर. बेचाळीस अंशाचं ऊन असलं तर तिथं जमिनीवर उभ्या विमानाला जी हवा मिळते ती सतराशे मीटरवरच्या हवेइतकी विरळ. म्हणजे विमान उभं असतं लातुरात आणि त्याला वाटतं आपण कळसूबाईच्या डोक्यावर आलो. दाजी म्हणाले, "एप्रिलमध्ये आम्हालाबी तसंच होतं."

या क्षणी मी माझा इतिहास बाहेर काढला. खरं सांगायचं तर पोटात गोळा आला होता, आणि मास्तर घाबरला की दाखले देतो. मी राइट बंधूंचा दाखला दिला.

१७ डिसेंबर १९०३ ला दोघा भावांचं विमान उडालं. पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं, एकशेवीस फूट. आमच्या वाड्याच्या दारापासून पिंपळाच्या पारापर्यंत. यापुढचं ऐका. घरचं माणूस बसवायला या भावांनी पाच वर्षं घालवली. मे १९०८ मध्ये पहिला प्रवासी बसला तो त्यांचा मेकॅनिक चार्ली फर्नास. म्हणजे आधी कामावरचा माणूस. जगाची रीत अमेरिकेतही तीच. त्याच साली सप्टेंबरात ऑर्विल सैन्याला विमान दाखवत असताना पंखा तुटला, विमान कोसळलं आणि शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज ठार झाला. इंजिनाच्या विमानात मेलेला जगातला पहिला माणूस तो. ऑर्विलची मांडी आणि बरगड्या मोडल्या.

"बघा!" मी म्हणालो.

"मग?" मायने विचारलं. ती इतका वेळ झोपलीय अशी माझी समजूत होती.

मग मला पुढचंही सांगावं लागलं. या दोघांना एक धाकटी बहीण होती, कॅथरीन. शाळेत लॅटिन शिकवायची. तार मिळताच तिनं शाळेची रजा घेतली आणि ऑर्विलच्या उशाशी जाऊन बसली. सात आठवडे तिनं त्याची सेवा केली. विमान माणसाचं काय करतं हे तिच्याइतकं जवळून त्या काळी फार थोड्यांनी पाहिलं असेल. आणि पाच महिन्यांनी, १५ फेब्रुवारी १९०९ ला, फ्रान्समध्ये पो नावाच्या गावी ती थोरल्या भावाच्या, विल्बरच्या, शेजारी विमानात बसली. उघडं विमान, वाऱ्याने घागरा उडू नये म्हणून त्या काळच्या बायका तो घोट्यापाशी दोरीने बांधून घेत. सात मिनिटं उडून ती खाली उतरली.

आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "लुगड्याला दोरी बांधायची का?"

"आणि त्यांचा बाप?" भावाने विचारलं. भाऊ स्वतः बाप होता, त्याची चौकशी रास्त होती.

बाप मिल्टन राइट, चर्चमधला बिशप. बायको १८८९ मध्येच क्षयाने गेलेली. त्यांनी पोरांना एक अट घातली होती: दोघांनी एका वेळी एका विमानात बसायचं नाही. एक गेला तर दुसरा राहिला पाहिजे. ही अट पोरांनी वर्षानुवर्षं पाळली. २५ मे १९१० ला, बापाच्या परवानगीने, दोघे भाऊ पहिल्यांदा आणि शेवटचं एकत्र उडाले. ते उतरल्यावर ऑर्विलने बापाला शेजारी बसवलं. म्हातारा एक्क्याऐंशी वर्षांचा. त्याआधी जन्मात कधी उडाला नव्हता. सात मिनिटांना थोडी कमी, उंची साडेतीनशे फूट. पोराला धास्ती, आता म्हातारा घाबरतो की काय. तर म्हातारा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "अजून वर घे, ऑर्विल, अजून वर."

"यातून निष्कर्ष असा," मी घाईघाईने म्हणालो, "की घरातला एक जाणता माणूस कायम जमिनीवर राहिला पाहिजे. ती जबाबदारी मी घेतो."

कुणी फसलं नाही. पण पुतण्या काही बोलला नाही. मोठा गुणी पोरगा. त्याने फक्त वहीत माझ्या अठ्ठ्याऐंशीवर रेघ मारली. ती रेघ मला त्या रात्री झोपताना दिसत होती.

मायचं वय आम्हाला कागदावरून ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्याला शाळा लागते. पोलीस ॲक्शनच्या वेळी ती सात-आठ वर्षांची होती यावरून हिशेब केला तर त्या साली, म्हणजे २०२२ मध्ये, एक्क्याऐंशी-ब्याऐंशीची. आणि विमानाशी तिची ओळख आमच्या सगळ्यांच्या आधीची.

१९४८ साल. त्या साली ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, आणि त्याच तारखेला तिकडे अमेरिकेत ऑर्विल राइट वारला. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, तालुका बीदर जिल्ह्यात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन जातीची मोठी विमानं भरभरून निजामाला हत्यारं पोचवत होता आणि ती बीदर, वारंगळला उतरवत होता. (पुढे त्याच्यावर इंग्लंडात खटला झाला आणि दोनशे पौंड दंड झाला. एवढ्याशा दंडात तर आमच्याकडे बांधाची भांडणंही मिटत नाहीत.) १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. हवाई दलाची टेम्पेस्ट विमानंही कामाला होती. १७ तारखेला निजामाने हात टेकले. तो दिवस आम्ही मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो. मी तीस वर्षं त्यावर भाषण केलं.

माझ्या भाषणात टेम्पेस्ट असायची, तारखा असायच्या. माय मागच्या सतरंजीवर बसून ऐकायची. तिच्या आठवणीत मात्र त्या दिवसांतलं एकच होतं. आकाशातून घरघर आली, तिच्या आईने लेकरांना धान्याच्या पेवात उतरवलं आणि तोंडावर फरशी सरकवली. आत जुन्या ज्वारीचा उबट वास, अंधार, आणि डोक्यावर घरघर. विमान आपलं होतं की परक्याचं, हे कुणी सांगितलं नाही. पेवातल्या लेकराला ते कळतही नाही. त्यानंतर जन्मभर विमानाचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून घरात यायची. आम्ही हसायचो.

त्या बैठकीत दाजी जेव्हा म्हणाले, "आजीबाईला कशाला नेता, काही झालं तर?" तेव्हा माय भिंत सोडून पुढे सरकली.

"काय हुतंय?" ती म्हणाली. "किल्लारीत माणसं मेली ती काय इमानात बसली हुती? निजली हुती घरात."

यावर कोण बोलणार? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, दगडमातीची माळवदं अंगावर आली आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. अहमदपुरात आम्ही त्यानंतर महिनाभर अंगणात झोपलो. जमीन भरवशाची असते हा सिद्धांत आमच्या जिल्ह्यापुरता त्याच दिवशी रद्द झाला.

"आधी मला बसव," माय नातवाला म्हणाली. "पिकलं पान हाय. पान राहिलं तर मग हिरव्याचं बघू."

पोराने ज्या क्लबात विमान शिकलं ते गाव आमच्यापासून रात्रभराच्या वाटेवर. एक क्रुझर ठरवली. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि पहाटे साडेसहाला मंडळी धावपट्टीच्या कुंपणापाशी हजर. विमान पाहून पहिली निराशा झाली. "एवढंसंच?" वहिनी म्हणाल्या. आमच्या क्रुझरमध्ये तेरा माणसं आली होती.

पोरगं विमानाभोवती फिरलं. पंख हलवून बघितले, टायर दाबलं, टाकीखालून एका नळकांड्यात पेट्रोल काढून उन्हात धरलं. त्यात पाणी आहे का बघतात. "डेअरीवाल्यासारखं," भाऊ समाधानाने म्हणाला. मग त्याने एक कार्ड काढलं आणि त्यातली एकेक ओळ मोठ्याने वाचत बटणं दाबायला लागला. आत्याबाईंचा चेहरा पडला. "अरे, परीक्षा झाली ना? अजून पुस्तक बघूनच चालवतो व्हय?" मी त्यांना समजावलं की म्हातारे वैमानिकसुद्धा वाचूनच चालवतात, पाठ झालेलं माणूस विसरतो. मास्तर म्हणून मला ते वाक्य थोडं लागलं.

जे. आर. डी. टाटांचं उदाहरण मी मनात घोळवत होतो. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतातला पहिल्या नंबरचा परवाना मिळाला. १९३२ मध्ये कराचीहून जुहूला त्यांनी विमान आणलं तेव्हा आत टपाल होतं. शहाणा माणूस. टपाल ओकत नाही, किंचाळत नाही, आणि खाली उतरून सासरी सांगत सुटत नाही. आणि आपल्या काळात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर आख्खं विमान बांधलं. २०१९ मध्ये त्याला उडायची परवानगी मिळाली. ते सहा माणसांचं आहे. ज्या घरच्यांना वर्षानुवर्षं गच्चीवर पापड-कुरडया वाळवता आल्या नसतील, त्यांचा त्या सहा खुर्च्यांवर किती हक्क असेल याचा मी अंदाज करत होतो.

तेवढ्यात माय पुढे झाली. देवळाच्या पायरीशी काढतात तशा तिनं विमानाच्या पंखाखाली चपला काढल्या. चपला माझ्या ताब्यात आल्या. नातवाने तिला उचलूनच पुढच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, डोक्यावरच्या पदरावरून कानाला हेडफोन लावला. समोरच्या दांड्याला हात लावायचा नाही, असं तिला बजावलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

इंजिन सुरू झालं. तीच घरघर असावी. मी तिच्याकडे बघत होतो, पण पंख्याच्या वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली. विमान पळालं, उचललं गेलं, लहान झालं. वहिनी कुंपणाची तार घट्ट धरून उभ्या होत्या. भाऊ घड्याळ बघत होता. आतापर्यंत विमान चालवायला येतं ते पोराला, एवढंच आमच्या लक्षात होतं. त्याच्या हाताखाली आमची अख्खी पिढी बसलीय, हे ते दिसेनासं झाल्यावर लक्षात आलं. मी मायच्या चपला छातीशी धरल्या होत्या हे आत्याबाईंनी सांगितल्यावर कळलं.

वीस मिनिटांनी ते उतरलं. एक उडी मारून उतरलं, पण उतरलं. पोराच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. माय खाली उतरली आणि पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"भ्यालीस का माय?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहिली. "वरनं माणूस दिसत न्हाई रे. गुरं दिसतेत बारकी बारकी, घराचे पत्रे दिसतेत. माणूस न्हाई. म्हंजी त्या टायमाला वर बसला हुता त्याला आमी दिसतच नव्हतो." आणि नातवाकडे बघत म्हणाली, "त्योबी असाच कुनाचा तरी नातू असंल. त्याचं आंगबी असंच भिजलं असंल."

मी तीस वर्षं मुक्तिदिनाला भाषणं केली. त्या टेम्पेस्टमध्ये बसलेल्या पोराला घाम येत असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग तिनं माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या.

"जा, बस आता."

"माझं वजन..."

"वजन हाय तुझं. धीर न्हाई. जा."

पुतण्याने वही काढली. अठ्ठ्याऐंशीवर मारलेली रेघ पेन्सिलीची होती. त्याने ती खोडरबराने पुसली. म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी चपला काढल्या, मायपाशी दिल्या आणि आवलीची क्षमा मागून आत चढलो.

वर गेल्यावर बराच वेळ मी समोरच्या गोल गोल घड्याळांकडेच बघत होतो. मग हेडफोनमध्ये आवाज आला, "काका, अजून वर घेऊ का?"

"नको," मी म्हणालो, "तसं म्हणणारा इतिहासात एक होऊन गेला, तेवढा पुरे." मग धीर करून खाली पाहिलं. गुरं दिसत होती, पत्रे दिसत होते. माणूस खरंच दिसत नव्हता. पण खाली कुंपणापाशी माझ्या चपला घेऊन कुणीतरी उभं आहे, हे नक्की ठाऊक होतं.

"बरं, घे थोडंसं," मी म्हणालो.